होडीवाल्या रिसबूड बाई

रिसबूड बाई पहिल्याच भेटीत माणसाला त्याचं वजन विचारतात. नाव नंतर.

आम्ही सिंहगड रोडवरच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी मी पुस्तकांचं खोकं उचलून जिन्यात धापा टाकत उभा होतो. वरून एक लहानखुऱ्या बाई उतरल्या. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती?"

"पुस्तकांचं?"

"पुस्तकांचं मला काय करायचंय? तुमचं."

"ब्याऐंशी."

"असं सगळेच म्हणतात. मी ब्याण्णव धरते," असं म्हणून त्या निघून गेल्या. संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. ब्याण्णव.

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी ब्याण्णव. आमचे सेक्रेटरी वानखेडे साहेब एकशेचार. स्वतः बाई बेचाळीस, आणि माझ्या अंदाजानं त्यातले तीस किलो नुसता आवाज. लिफ्टमध्ये त्या असल्या की आत कुणी मनाला येईल तिथं उभं राहायचं नाही. "ब्याण्णव, मागे मधोमध. एकशेचार, तुम्ही समोर. एका बाजूला दोघं नकोत." पाहुण्यांना वाटायचं, लिफ्ट बिघडलेली आहे. पाहुणे जिन्यानं जायचे.

याचं कारण मला वर्षभरानं कळलं. कॉलेजात असताना बाई वल्हवण्याच्या शर्यतीतल्या बोटीवर कॉक्स होत्या. त्या बोटीत आठ दांडगे वल्ही मारतात आणि नववं एक चिमुकलं माणूस शेपटाकडे बसून त्यांच्यावर ओरडतं. ते ओरडणारं माणूस म्हणजे कॉक्स. मुलांच्या बोटीला हलका कॉक्स मिळेना, म्हणून कॉलेजातल्या सगळ्यांत हडकुळ्या मुलीला बोलावलं. दोन हिवाळे त्यांनी नदीवर आठ पैलवानांना ओरडून ओरडून पळवलं. पुढे टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून नोकरी, तीही निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. थोरली बहीण सोबत राहायची, ती पाचेक वर्षांपूर्वी गेली.

म्हणजे बोटीशी त्यांचा संबंध दोन हिवाळ्यांचा. पण सगळ्या आयुष्याकडे त्या बोटीच्या शेपटावरून बघायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून आवाज चढले, कुणी तावातावानं उठलं की बाई मागच्या खुर्चीतून म्हणायच्या, "बसा. होडी आपणहून उलटत नाही. माणसं उभी राहतात." मी खराडीला ऑफिसात जायला उशीर झाला म्हणून पळत सुटलो की गॅलरीतून आवाज यायचा, "घाई करू नका ब्याण्णव, वेग वाढवा!" यातला फरक मला आजवर कळलेला नाही, पण तो आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या पार्किंगमध्ये नदीचं पाणी गुडघाभर शिरलं. नदी सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. पुढच्या मीटिंगमध्ये बाईंनी ठराव मांडला: सोसायटीनं होडी घ्यावी. लोक डोळ्यांतून पाणी येईतो हसले. वानखेडे साहेब अमरावतीचे. ते म्हणाले, "बाई, आमच्या घरात आजवर कोनी आंघोळीच्या टबातही बसलं नाही. होडी काहून पाह्यजे?"

बाईंनी वाद घातला नाही. महिन्याभरात एक टेम्पो आला आणि त्यातून एक होडी उतरली. कुठल्याशा बंद पडलेल्या बागेच्या तळ्यातली, फायबरची, पिवळीजर्द. बाईंनी ती पाहुण्यांच्या गाड्यांच्या जागेत ठेवली आणि तिचा दोर थेट आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याला बांधला. तो दोर आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीवरून जायचा. माझी बायको त्यावर टॉवेल वाळत घालायची.

वानखेडे साहेबांनी नोटीस लावली: पार्किंगमधील अनावश्यक वस्तू त्वरित हलवावी. बाईंनी खाली निळ्या पेनानं उत्तर लिहिलं: पाणी आलं की आपोआप हलेल.

ती हलली गेल्या जुलैत.

चार दिवस पाऊस थांबला नव्हता. त्या सकाळी सहाच्या सुमाराला भोंग्याची गाडी फिरून गेली, धरणातून आणखी पाणी सोडताहेत म्हणून. आम्ही गाड्या रस्त्यावर नेऊन लावल्या, चहा टाकला, गॅलरीत उभे राहून नदीचे फोटो काढले. साडेसातला मागची भिंत पडली. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं पडावं तसा झाला. पण त्यानंतर पाणी चढत आलं नाही, धावत आलं. दहा मिनिटांत तळमजल्यावरचे मीटर बुडाले आणि दोन्ही इमारतींची वीज गेली.

तळमजल्यावर आमच्याकडे घरं नाहीत, नुसतं पार्किंग. त्यामुळे सगळे आपापल्या मजल्यावर सुखरूप होते. बी इमारतीतल्या अम्मी सोडून.

अम्मी म्हणजे सलीम अत्तारची आई. सलीमचा मार्केट यार्डात मिरचीचा गाळा आहे. अम्मींची फुफ्फुसं अधू झालेली, त्यांना दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मशीन विजेवर. वीज गेली तेव्हा सलीम मार्केट यार्डात होता आणि घरी त्याची बायको शबाना आणि दोन वर्षांची मुलगी. शबानानं खिडकीतून आमच्याकडे ओरडून सांगितलं, घरात एक छोटा सिलिंडर आहे, तो तासभर पुरेल. फार तर सव्वा तास.

मी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडचा माणूस फार नीट बोलला. त्यांच्या होड्या खालच्या वस्तीत होत्या, तिथं लोक पत्र्यांवर बसलेले. "दीड तास तरी लागेल साहेब. खोटं नाही सांगत."

मी फोन ठेवला. तासभर आणि दीड तास. हे गणित माझ्या डोक्यात चालू होतं तेवढ्यात वरून आवाज आला, "ब्याण्णव! दोरावरचे टॉवेल काढा!"

बाई दोर ओढत होत्या. पार्किंगमधून होडी तरंगत बाहेर आली होती आणि बाई तिला जिन्याकडे वळवत होत्या. मी खाली धावलो. जिन्याच्या खालच्या सात-आठ पायऱ्या पाण्यात गेलेल्या. आठव्या पायरीवर वानखेडे साहेब पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून उभे होते. चेहरा पांढराफटक.

बाई उतरून आल्या. काखेत नारिंगी रंगाची तीन जॅकेटं. एक माझ्या अंगावर फेकलं, एक वानखेड्यांच्या, तिसरं होडीत टाकलं. "ते पेशंटला."

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मला मोठं होतं ते. बसा."

"बाई, मले पोहता येत नाही," वानखेडे म्हणाले.

"पोहायचं कुणी सांगितलंय? बसायचंय. तुम्ही पुढच्या फळीवर, ब्याण्णव मधल्या... माझ्याकडे तोंड. दोघांनी माझ्याकडे तोंड करून बसायचं. एकेक वल्हं."

"बाई, तुमच्याकडे तोंड केलं तर पुढचं कसं दिसन?"

"दिसणार नाही. तुम्ही ओढायचं, बघायचं मी."

आणि खरंच, होडीत वल्हवणारा पाठमोरा जातो हे मला तोवर माहीत नव्हतं. कुठं चाललोय ते त्याला दिसत नाही. मागे काय राहिलं तेवढंच दिसतं, आणि समोर सुकाणूवरचं माणूस. बाई शेपटाला बसल्या, होडीचा दोर सोडला, एक आखूड वल्हं सुकाणूसारखं पाण्यात धरलं आणि म्हणाल्या, "एकला झुका, दोनला ओढा. एक!"

मी एकला ओढलं. वानखेड्यांनी दोनला झुकून मला पाठीत डोकं मारलं. होडी गर्रकन फिरली आणि वॉचमनच्या केबिनवर आदळली. वरच्या गॅलऱ्यांतून कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. दुसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा फिरलो आणि त्याच केबिनवर त्याच जागी आदळलो.

"झालं दर्शन?" बाई म्हणाल्या. "आता निघू या. एक. दोन. एक. दोन."

त्या आवाजात काहीतरी होतं. त्या ओरडत नव्हत्या, पण आवाज थेट कण्यात शिरत होता. चौथ्या-पाचव्या हाताला आमची वल्ही एकदम पडली आणि होडी सरळ झाली.

बी इमारत सखल भागात आहे. तिथं पार्किंगमध्ये गळ्याएवढं पाणी होतं आणि छत आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम होडी जाईल एवढी जागा. आम्ही माना घालून आत शिरलो. अंधार. खाली बुडालेल्या कुणाच्यातरी गाडीचा भोंगा पाण्यातून घोगरा वाजत होता. चपलांचं एक कपाट आमच्या शेजारून तरंगत गेलं. बाई मोजत राहिल्या.

जिन्याच्या वळणावर शबाना उभी होती. शेजारच्या दोघांनी अम्मींना खुर्चीत बसवून आणलं होतं. तोंडावर मास्क, मांडीवर सिलिंडर. ओठ निळसर दिसत होते. मी सिलिंडरचा काटा बघितला. तो तांबड्या पट्ट्याच्या अगदी काठावर होता.

"मी पण येते," शबाना म्हणाली. कडेवरची मुलगी रडत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "चौघांच्या वर एक माणूस बसलं तर कुणीच पोचणार नाही."

"त्या एकट्या नाही हो राहत. घाबरतात."

"एकट्या कशानं? मी आहे ना." बाईंनी हात पुढे केला. "वजन किती यांचं?"

"अठ्ठेचाळीस," शबाना रडत रडत म्हणाली.

"छान आहे. मधे, तळाला, माझ्या पायांपाशी."

अम्मींना आम्ही होडीच्या तळात आडवं ठेवलं, डोकं बाईंच्या पायांवर टेकवून. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि बाईंच्या साडीचा सोगा मुठीत धरला होता. बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

बी इमारतीपासून फाटकापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. पुढे गल्ली चढाची आहे, तिथं पाणी संपत होतं आणि शबानाचा फोन गेल्यावर सलीम तिथं अँब्युलन्स घेऊन पोचला होता. पण पडलेल्या भिंतीतून येणारा सगळा लोंढा सोसायटीच्या मधल्या रस्त्यावर आडवा कोसळत होता आणि फाटकातून बाहेर पडत होता. पार्किंगच्या बाहेर आलो आणि होडीला कुणीतरी बाजूनं लाथ घातल्यासारखं झालं.

"एकशेचार, ओढा. ब्याण्णव, थांबा. आता दोघं."

मला काहीच दिसत नव्हतं. मागे सुटलेली बी इमारत दिसत होती आणि बाईंचा चेहरा. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, कारण पुढची खबर फक्त तिथंच होती. त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. भाजीवाल्याकडची कोथिंबीर बघावी तशा त्या माझ्या खांद्यावरून पुढे बघत होत्या.

पाणी माझ्या पाठीमागे गर्जायला लागलं. तो आवाज जवळ येत होता, म्हणजे आम्ही त्याच्या जवळ जात होतो. अम्मींच्या श्वासाला शिट्टीसारखा सूर लागला होता. पाण्यातून मोठं काहीतरी येऊन होडीच्या बुडाला आपटलं. होडी कलंडली, माझ्या मांडीवर पाणी आलं आणि मागून वानखेडे ओरडले, "बाप्पा!"

होडी भयंकर डुचमळली. मी मान वळवली. वानखेडे उभे राहिले होते. एकशेचार किलो, दोन्ही हात हवेत, वल्हं सुटलेलं. ते उडी मारणार होते. कुठं, ते त्यांनाही माहीत नसावं.

"वानखेडे, बसा!"

बाईंनी त्यांना नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. आवाज नदीच्या वर गेला. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी तो ऐकल्याचं नंतर सांगितलं. वानखेडे धपकन खाली बसले.

"वल्हं तुमच्या डाव्या हाताशी आहे. घ्या. सापडलं? छान. तुमच्या मुलीचं नाव काय?"

"ऋतुजा," वानखेडे हुंदका देऊन म्हणाले.

"ती गॅलरीतून बघतेय. एक. दोन. आता ब्याण्णव थांबा, एकशेचार एकटे. ओढा. ओढा. अजून. अंग मोडलं तर मोडू दे, ओढा! आता दोघं! दहा हात, जिवाच्या करारानं. एक..."

पहिले चार मी मोजले. पुढचे मोजता आले नाहीत. उजवीकडून लोखंडावर फायबर घासल्याचा कर्र आवाज आला, माझ्या कोपराशेजारून फाटकाचा खांब मागे गेला, आणि एकाएकी होडी हलकी झाली. मग तिचं बूड डांबरावर टेकलं. आजूबाजूला माणसांचे पाय होते.

सलीमनं आईला उचललं. अँब्युलन्सच्या माणसानं मोठा सिलिंडर लावला. अम्मींनी डोळे उघडले नाहीत, पण बाईंच्या साडीचा सोगाही सोडला नाही. सोडवायला वेळ नव्हता. म्हणून बाई तशाच, ओल्या कॅनव्हासच्या बुटांनिशी, अँब्युलन्समध्ये चढल्या. दार लागलं आणि गाडी गेली.

वानखेडे साहेब फूटपाथवर बसले होते. मला म्हणाले, "पाठक, आपन आलो कोठून ते दिसलं. पोचलो कसं ते काही समजलं नाही."

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरलं. वीज तिसऱ्या दिवशी आली. आम्ही सगळे चिखल उपसत होतो, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की रिसबूड बाईंच्या घराला अजून कुलूप आहे.

मी दवाखान्यात गेलो. दाराशीच सलीम भेटला. दोन रात्री जागून डोळे लाल झालेले, पण चेहरा मोकळा. अम्मी धोक्याबाहेर होत्या. "बाई इथून हलल्याच नाहीत हो," तो म्हणाला. "मी हात जोडले, घरी जा म्हटलं. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? तर म्हणाल्या, वजनं जवळजवळ सारखी आहेत आमची, लिहा काहीही. सिस्टरनं बहीण लिहिलं."

आत अम्मी उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी. शेजारी स्टुलावर बाई. अंगावर शबानाचा पंजाबी ड्रेस, तो त्यांना गुडघ्याखाली दोन वीत येत होता. त्या संत्रं सोलत होत्या.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही जॅकेट घातलं नाहीत. पट्टीच्या पोहणाऱ्या असाल."

"छे," त्या संत्र्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मला कुठं पोहता येतं."

"म्हणजे? मग कॉलेजात बोटीवर कसं घेतलं?"

"फॉर्मवर लिहिलं होतं, येतं म्हणून. कुणी पाण्यात ढकलून बघितलं नाही."

तीन जॅकेटं आणि चार माणसं. मी म्हणालो, "चला आता घरी. वीज आली, जिना धुतलाय. गाडी आणलीय मी."

"जाईन की."

"तीन दिवस झाले बाई. दमला असाल."

"जाईन म्हटलं ना." त्यांनी संत्र्याची एक फोड अम्मींच्या हातात ठेवली. दुसरीवरची पांढरी शीर काढत राहिल्या. मग आवाज न चढवता, मला ऐकू येईल न येईल असं म्हणाल्या, "एवढं सगळं झालं. घरी जाऊन सांगू कुणाला?"

मी पलीकडचं स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसलो.

"मला सांगा."

"तुम्ही होतात की तिथं."

"मी उलटा बसलो होतो. मला काही दिसलं नाही. फाटकापाशी नक्की काय झालं?"

मी चेष्टा करतोय का ते त्यांनी बघून घेतलं. मग हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"फाटकाचं एक दार अर्धं मिटलेलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याचे भाले पाण्याच्या वर बोटभर दिसत होते, आणि आपण नेमके त्यांच्यावरच चाललो होतो. मला ना, ब्याण्णव, त्या वेळेला वाटलं, संपलं. माझे गुडघे असे वाजत होते. यांचं डोकं पायांवर होतं म्हणून, नाहीतर तुम्हाला ऐकूच आलं असतं."

"थांबा," अम्मींनी नाकावरची नळी सारखी केली. "असं मधूनच नको. मी डोळे मिटून होते, मला तर काहीच माहीत नाही. सुरुवातीपासून सांगा."

"सुरुवातीपासून म्हणजे फार मागे जावं लागेल," बाई म्हणाल्या.

"जा की," अम्मी म्हणाल्या. "आपल्याला कुठं जायचंय?"